बातमीचें प्रामाण्य

आमच्या एका वाचक-भगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा नववींत शिकतो. घरीं दोन दैनिकें येतात, परंतु तीं उघडण्याचें त्यास कारण पडत नाहीं. जगांत काय चाललें आहे तें त्यास मोबाईलवर, मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर व यूट्यूबवर आपोआप कळतें. आणि तें सांगतांना तो इतक्या ठामपणानें सांगतो कीं, घरांतील वडील मंडळीहि क्षणभर गोंधळून जातात. "हें कशावरून म्हणतोस?" असें विचारलें असतां त्याचें उत्तर ठरलेलें असतें, "मीं स्वतः पाहिलें." बाई विचारतात कीं, जो स्वतः पाहिल्याचें सांगतो, त्यास खऱ्याखोट्याची व पक्षपाताची पारख शिकवावी कशी?

प्रश्न एका घरचा नाहीं. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. त्या काळांत मुलांच्या हातीं बातमी येई ती वडिलांनीं वाचून झालेल्या वर्तमानपत्रांतून. आतां ती आधीं मुलाच्या हातीं येते व मागाहून वडिलांच्या कानीं जाते. म्हणून पारख करण्याचें काम जें पूर्वीं घरांतील एखादाच मनुष्य करी, तें आतां घरांतील प्रत्येकास करणें प्राप्त झालें आहे. या महिन्याचें आमचें सदर आम्ही याच विषयास देत आहों.

आरंभ त्या मुलाच्या उत्तरापासूनच करूं. न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. आपल्या इंद्रियांनीं जाणलें तें प्रत्यक्ष; डोंगरावर धूर दिसला म्हणून अग्नि असल्याचें जाणलें तें अनुमान; गाईशीं असलेल्या सारखेपणावरून रानांतील गवा ओळखला तें उपमान; आणि विश्वासार्ह मनुष्यानें सांगितलें म्हणून जें जाणलें तें शब्द. आतां मोबाईलवर पाहिलेली चित्रफीत या चारांपैकीं कोणत्या सदरांत घालावी? मुलगा तत्काळ म्हणेल, प्रत्यक्षांत. आमच्या मतें सर्व घोटाळ्याचें मूळ येथें आहे. त्यानें प्रत्यक्ष पाहिला तो कांचेचा पडदा. घटना पाहिली ती दुसऱ्या कोणीं. कोठें उभें राहून टिपावयाचें, केव्हां आरंभ करावयाचा, केव्हां थांबावयाचें हें त्या दुसऱ्यानें ठरविलें. मग तिसऱ्यानें ती फीत कापली, चवथ्यानें तिच्याखालीं दोन ओळी लिहिल्या, पांचव्यानें ती पुढें धाडली. इतक्या हातांतून आलेली वस्तु प्रत्यक्ष नव्हे. ती शब्द होय, म्हणजे कोणाची तरी साक्ष होय. हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या योगानें एखाद्या मनुष्याचा आवाज व चेहरा इतका हुबेहूब बनवितां येतो कीं, त्या साक्षीमागें घडलेली घटना असेलच याचीहि खात्री उरलेली नाहीं. साक्ष म्हटली कीं साक्षीदाराची तपासणी आलीच, ही गोष्ट मुलास एकदां पटली म्हणजे निम्में काम झालें.

तपासावयाचें काय, तेंहि याच शास्त्रानें सांगून ठेविलें आहे. शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. मराठींत आप्त म्हणजे सोयराधायरा. परंतु न्यायशास्त्रांतील आप्ताचा नात्याशीं कांहीं संबंध नाहीं. ज्यास ती गोष्ट स्वतः नीट ठाऊक आहे आणि जी जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनांनीं तर असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे. म्हणजे सांगणारा कोणत्या कुळांतला, कोणत्या पदावरचा, हें विचारावयाचें नाहीं. त्यास कसें कळलें व तो कां सांगतो, हें विचारावयाचें. आमच्या बहुतेक घरांत आज उलट प्रकार चालतो. कुटुंबाच्या गटावर बातमी येते ती मावशीकडून, मेहुण्याकडून, आत्याच्या यजमानांकडून. धाडणारा आप्त आहे म्हणून बातमी आप्तवाक्य झाली, असें आपण धरून चालतों. मावशींचें प्रेम निःसंशय आहे. परंतु ती घटना घडली तेव्हां मावशी तेथें नव्हत्या, आणि ज्यांनीं त्यांस धाडली तेहि नव्हते.

कोणी म्हणेल, अडाण्यांची फसगत होत असेल, आमच्यासारख्या शिकलेल्या घरांत हें भय कशाला? त्यांनीं पुण्याच्याच एका प्रसिद्ध प्रकरणाची आठवण करावी. १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं. 'केसरी'चें संपादकत्व आगरकरांकडे व 'मराठा'चें टिळकांकडे होतें. त्या काळीं कोल्हापूरचे तरुण महाराज चवथे शिवाजी यांचा संस्थानच्या कारभाऱ्यांकडून छळ होत आहे, अशी लोकांत मोठी समजूत होती. कारभारी माधवराव बर्वे यांचीं म्हणून कांहीं पत्रें पुढें आलीं व त्यांच्या आधारावर मजकूर छापला गेला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि तीं पत्रें बनावट असल्याचें दिसून आलें. १८८२ च्या जुलैंत टिळक व आगरकर या दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. पैकीं १०१ दिवस त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत काढले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तक लिहिलें आहे, तें आमच्या कित्येक वाचकांनीं वाचलें असेल.

या दोघांच्या विद्वत्तेविषयीं किंवा हेतूविषयीं आजवर कोणी शंका घेतलेली नाहीं. सुटून आल्यावर लोकांनीं त्यांचा गौरवच केला. आम्हांस येथें दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, बनावट कागद रचणारा मनुष्य मूर्ख नसतो. लोकांस जें आधींच खरें वाटत असतें, त्याच दिशेनें तो आपलें खोटें रचितो. महाराजांचा छळ होतो असें ज्यास वाटतच नव्हतें, त्यापुढें तीं पत्रें ठेवून कांहीं उपयोग झाला नसता. म्हणून विद्यार्थ्यांस आम्ही असें सांगूं कीं, जी बातमी ऐकून तुझें मन 'मी म्हणत नव्हतों का!' असें उसळून म्हणतें, ती दोनदां तपास. न आवडणारी बातमी आपण आपोआपच तपासतों. आवडणारी मात्र थेट आंत घेतों.

या विषयांत केवढें संकट भरलेलें आहे, तें आपल्या राज्यानें २०१८ सालीं पाहिलें. त्या वर्षीं मुलें पळविणाऱ्या टोळ्या हिंडत असल्याच्या अफवा देशभर मोबाईलवरून पसरल्या. त्यांबरोबर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवर बसलेले दोन इसम रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून एकास उचलतात व पळून जातात, एवढेंच तींत दिसे. ही फीत मुळांत कराचींतील एका संस्थेनें पालकांस सावध करण्यासाठीं मुद्दाम तयार केली होती. तिच्या शेवटीं तेच इसम परत येऊन मुलास सोडतात आणि कराचीच्या रस्त्यांवरून मूल पळविण्यास एक क्षणहि पुरतो, अशा अर्थाचा फलक धरून दाखवितात. तेवढा शेवट कोणींतरी कापून टाकिला. एका सदुपदेशाची अफवा करण्यास खोटा असा एक शब्दहि जोडावा लागला नाहीं. शेवटचे कांहीं क्षण काढून घेतले, इतकेंच.

अशा अफवांनीं वातावरण तापलेलें असतां, १ जुलै २०१८ रोजीं, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं, बाजाराच्या दिवशीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षुक येऊन पोहोंचले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडचे होते. भिक्षा मागत गांवोगांव हिंडणें हा त्यांचा वंशपरंपरागत उदरनिर्वाह. मुलें पळविणारे ते हेच, असें समजून जमावानें त्यांस मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें व तेथें त्या पांचांचाहि अंत झाला. त्याच रात्रीं मालेगांवांत अशाच संशयावरून दुसरा जमाव एका कुटुंबावर धांवून गेला. त्यांच्याबरोबर एक तान्हें मूलहि होतें. तेथें एका रहिवाशानें त्यांस आपल्या घरांत घेतलें व पोलिसांनीं त्यांचे प्राण वांचविले.

या दोन प्रसंगांविषयीं मुलांशीं बोलतांना 'जमाव वेडा असतो' असें म्हणून मोकळें होऊं नये. जमाव कोणावर धांवला, हें विचारावें. गांवांत ज्यांस ओळखणारें कोणी नाहीं, ज्यांचा वेष वेगळा, ज्यांचें घर फिरतें, त्यांच्यावर धांवला. अफवेनें फक्त 'मुलें पळविणारे आले आहेत' एवढेंच सांगितलें. ते कसे दिसत असतील, तें ज्याच्या त्याच्या मनांतील पूर्वग्रहानें पुरविलें. दारीं अनोळखी भिक्षेकरी आला असतां 'आंत ये, नाहींतर तो तुला झोळींत घालून नेईल' असें आपल्या घरांत कोणीं कधीं म्हटलें आहे कीं काय, हें प्रत्येक वाचकानें मनाशीं आठवून पाहावें. पक्षपात वर्तमानपत्रांत असतो तसा वाचणाऱ्यांतहि असतो, आणि या दुसऱ्याच्या साहाय्यावांचून पहिल्याचें कांहींच चालत नाहीं.

कापलेल्या चित्रफितीची गोष्ट मुलांस समजावून देण्यासाठीं आपणांस दूर जावयास नको. धर्मराजानें द्रोणाचार्यांस अश्वत्थामा मेल्याचें सांगितलें, तेव्हां तो हत्तीविषयीं बोलत असल्याचा खुलासा त्यांच्या कानीं स्पष्ट पडूं दिला नाहीं. वाक्यांत असत्य नव्हतें असें म्हणणारे वकील पुष्कळ निघतील. परंतु गुरूनें शस्त्र खालीं ठेविलें तें त्याच वाक्यानें, आणि धर्मराजाचा भूमीच्या वर चालणारा रथ जमिनीस टेंकला असें महाभारतकार सांगतात. आपल्या परंपरेनें अर्धसत्यास असत्याचाच दंड दिलेला आहे. मुलानें कोणतीहि बातमी हातीं घेतली कीं, 'यांतील हत्तीचा शब्द कोठें गेला?' हें विचारण्याची त्यास संवय लावावी.

आतां असत्य व पक्षपात यांतील भेद सांगूं. पक्षपाती बातमींत प्रत्येक अक्षर खरें असूं शकतें. तिचा कल असतो तो शब्दांच्या निवडींत व रचनेंत. तो ओळखण्याचें शस्त्र मुलांनीं शाळेंत आधींच मिळविलेलें असतें, त्याचें नांव व्याकरण. समजा, एका गांवीं मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवशीं एक पत्र म्हणतें, 'मोर्च्यावर लाठीमार झाला.' दुसरें म्हणतें, 'पोलिसांनीं शांत मोर्च्यावर लाठीमार केला.' तिसरें म्हणतें, 'हिंसक जमावास पोलिसांनीं आवरलें.' घटना एकच. पहिल्या वाक्यांतून लाठी मारणाराच नाहींसा झाला आहे. लाठीमार जणूं पावसासारखा आपोआप झाला. दुसऱ्यांत तो आहे, परंतु मोर्च्यास एक विशेषण देऊन लेखकानें निकालहि देऊन टाकिला. तिसऱ्यांत मोर्चाचा जमाव झाला, आणि मारण्याचें क्रियापद जाऊन आवरण्याचें आलें. मुलास वही घेऊन बसवावें व तिन्ही वाक्यांतील कर्ता, विशेषण व क्रियापद यांखालीं रेघ ओढावयास सांगावें. करणारा सांगितला आहे कीं लपविला आहे? विशेषण घटनेंतून निघालें कीं लेखकाच्या पदरचें आहे? क्रियापद घडलें तितकेंच सांगतें कीं अधिक? परीक्षेपुरतें केलेलें वाक्यपृथक्करण असें आयुष्याच्या उपयोगीं पडतें.

बोलण्याविषयींच्या क्रियापदांकडे तर विशेष लक्ष द्यावें. एकच विधान कोणी 'सांगितलें', कोणी 'दावा केला', कोणी 'आरोप केला', कोणी 'कबूल केलें', कोणी 'उघड केलें' असें लिहितो. 'दावा केला' म्हणतांच वाचकाच्या मनांत शंका उत्पन्न होते. 'उघड केलें' म्हणतांच खात्री पटते. आपल्या आवडत्या पक्षाचा पुढारी नेहमीं 'सांगतो' आणि विरोधी पक्षाचा नेहमीं 'आरोप करतो', असें ज्या पत्रांत दिसेल, त्याचा कल शोधण्यास अग्रलेख वाचावा लागत नाहीं. तसेंच 'समजतें', 'कळतें', 'सूत्रांनीं सांगितलें' या शब्दांचें आहे. कित्येकदां बातमीदारास नांव झांकणें खरोखर भाग असतें; परंतु ज्या बातमींत आरंभापासून शेवटपर्यंत नांवानिशीं बोलणारा एकहि मनुष्य नाहीं, ती अनामिक पत्रासारखीच समजावी.

आंकड्यांचा पक्षपात याहून सूक्ष्म असतो, कारण आंकडा निःपक्षपाती दिसतो. अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' नामक साप्ताहिकानें १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं सुमारें एक कोटि लोकांस मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरें आलीं व त्यांवरून लँडन निवडून येणार असें त्या साप्ताहिकानें जाहीर केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ संस्थानें जिंकलीं. मतपत्रिकांसाठीं नांवें घेतलीं होतीं तीं मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या दिवसांत गरीब मतदारांपाशीं हीं साधनें कोठून असणार? शिवाय ज्यांनीं होऊन उत्तर धाडलें, तेवढेच मोजले गेले. 'लोकांचें मत असें आहे' असें कोणी म्हणालें कीं, कोणत्या लोकांस विचारलें व कोणीं उत्तर दिलें, हे दोन प्रश्न मुलास सुचले पाहिजेत. मोबाईलवरील एखाद्या चित्राखालीं जमलेल्या शेंकडों अभिप्रायांसहि हाच नियम लागू आहे.

सांगणाऱ्याचा हेतु तपासतांना पैशाकडेहि पाहिलें पाहिजे. महाराष्ट्र विधानसभेच्या २००९ च्या निवडणुकींत एकाच उमेदवाराच्या स्तुतीचा तोच मजकूर, शब्दशः, परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत निरनिराळ्या नांवांनीं छापून आल्याचें पत्रकार पी. साईनाथ यांनीं त्या वर्षीं उघडकीस आणिलें. विकत घेतलेल्या अशा बातम्यांविषयीं प्रेस कौन्सिलनें चौकशीसाठीं उपसमिति नेमली व २०१० मध्यें तिचा अहवाल झाला. जाहिरात ही जाहिरातीच्या चौकटींत असतांना निरुपद्रवी असते. बातमीचा वेष घेऊन आली म्हणजे ती फसवते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, ज्या मजकुरावर तो पैसे घेऊन छापल्याचें स्पष्ट लिहिलें होतें, तोहि माध्यमिक वर्गांतील शंभरापैकीं ऐशींहून अधिक मुलांनीं खरी बातमी म्हणून मानिला होता. मुलांस अक्षरें वाचतां येत होतीं. तीं कशासाठीं तेथें आहेत हें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें.

याच विद्यापीठाचा दुसरा एक प्रयोग आम्हां मास्तर मंडळींस विचार करावयास लावणारा आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत १० इतिहासतज्ज्ञ, बातम्या तपासण्याचाच व्यवसाय करणारे १० लोक व २५ विद्यार्थी यांस अनोळखी संकेतस्थळें दाखवून त्यांची विश्वासार्हता ठरविण्यास सांगितलें. विद्यार्थी तर फसलेच, परंतु कित्येक इतिहासतज्ज्ञहि चकले. ते तें पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचीत बसले, आणि सुबक मांडणी, भारदस्त नांव व विद्वत्तेची भाषा यांस भुलले. तपासनीस मात्र तें पान फारसें न वाचतांच सोडून बाहेर गेले. ही संस्था कोणाची, तिला पैसा कोण देतो, इतर लोक तिच्याविषयीं काय सांगतात, हें त्यांनीं आधीं पाहिलें व मग वाटल्यास पान वाचलें. लक्ष देऊन वाच, असें आम्हीं जन्मभर मुलांस सांगितलें, आणि ग्रंथांविषयीं तें योग्यच आहे. परंतु अनोळखी साक्षीदाराची परीक्षा त्याचेंच भाषण पुनःपुन्हां ऐकून होत नसते; त्यासाठीं त्याच्या शेजारीं चौकशी करावी लागते. मुलास हा क्रम शिकवावा. हींच बातमी आणखी कोणीं दिली आहे काय तें पाहावें. चित्र पूर्वीं कोठें छापलें होतें तें शोधावें, कारण चित्रावरून चित्र शोधण्याची सोय आतां मोबाईलवरच आहे. आणि तारीख पाहावी, कारण जुनी बातमी नव्या दिवशीं धाडणें ही सर्वांत स्वस्त लबाडी आहे.

येथें एक शंका उत्पन्न होईल. इतकें सर्व शिकविल्यावर मुलगा कशावरच विश्वास ठेवीनासा होईल, 'सगळेच खोटे, सगळेच विकले गेलेले' असें म्हणूं लागेल, त्याचें काय? ही शंका खरी आहे व हा रोग पहिल्याइतकाच वाईट आहे. सर्व खोटें मानणारा मनुष्य कांहींच तपासीत नाहीं, आणि अखेरीस जें सोयीचें तेंच मानितो. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आहे, परंतु निर्णय नववा आहे. संशयापाशीं मुक्काम करावयास त्या शास्त्रानें कोणास सांगितलेलें नाहीं. बारा दिवस दुष्काळी गांवांत राहून, नांवांनिशीं माणसांस भेटून लिहिणारा बातमीदार व घरबसल्या दोन ओळी रचणारा अनामिक मनुष्य या दोघांस एकाच मापानें मोजणें हाहि पक्षपातच होय. ज्या पत्रानें चूक झाल्यावर दुरुस्ती छापली, त्याची किंमत मुलाच्या मनांत वाढली पाहिजे.

आतां सर्वांत अवघड भाग. आमच्या एकत्र कुटुंबांत खोटी बातमी बहुधा मुलाकडून येत नाहीं; ती वडील माणसांकडून येते. चुलत्यांनीं सकाळीं गटावर कांहीं धाडलें, आणि नववींतल्या पुतण्यास तें खोटें असल्याचें कळलें, तर त्यानें काय करावें? बोलला तर उद्धट ठरतो; गप्प बसला तर शिकलेलें सर्व व्यर्थ जातें, आणि खोटें आणखी दहा घरांत जातें. व्हॉट्सॲपनें २०१८ सालीं आपल्या देशांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडण्यास बंदी केली, आणि २०२० सालीं, फार वेळां फिरलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल असा नियम केला. यंत्रानें आपला आवर घातला. घरांतील आवर घरानेंच घालावयाचा आहे.

आमची सूचना वडील मंडळींस आहे. मुलानें 'काका, ही बातमी आपणांस कोणाकडून आली?' असें विचारलें, तर तो प्रश्न अपमान समजूं नये. नचिकेत्यानें प्रत्यक्ष वडिलांस प्रश्न विचारला, गार्गीनें भर सभेंत याज्ञवल्क्यांस विचारला. आपण त्यांचीं नांवें अभिमानानें घेतों आणि घरांतल्या प्रश्नावर मात्र डोळे वटारतों, हें शोभत नाहीं. काकांनीं 'थांब, पाहतों' एवढें म्हणावें व खोटें निघाल्यास त्याच गटावर तसें लिहावें. त्यानें काकांचा मान कमी होत नाहीं; उलट, खरें कसें वागावें याचा जो धडा पुतण्यास मिळतो, तो कोणत्याहि मास्तरास देतां आला नसता. मुलांनींहि मर्यादा पाळावी; चारचौघांत चूक दाखविण्यापेक्षां एकट्यास गांठून विचारावें, आणि वडिलांच्या संदेशाप्रमाणें आपल्या मित्रांचे संदेशहि तितक्याच कसोशीनें पारखावे.

ज्यांस या विषयाचा घरींच अभ्यास करावयाचा असेल, त्यांस एक सोपी रीत सांगतों. आठवड्यांतून एकदां, रविवारीं दुपारचें जेवण आटोपल्यावर, कोणतीहि एक बातमी घ्यावी व ती निदान दोन भिन्न मतांच्या पत्रांतून मोठ्यानें वाचावी. पहिल्या पत्रांत असून दुसऱ्यांत नाहीं असें काय, व दुसऱ्यांत असून पहिल्यांत नाहीं असें काय, हें मुलांनीं पाटीवर किंवा कागदावर मांडावें. त्यानंतर घरांतील ज्या व्यक्तीचें मत एका बाजूस असेल, तिनें विरुद्ध बाजूचें म्हणणें मांडावें. आणि तें इतकें चांगलें मांडावें कीं, त्या बाजूच्या मनुष्यानें 'होय, हेंच आमचें म्हणणें' असें कबूल करावें. पूर्वपक्ष असा प्रामाणिकपणें मांडल्यावांचून उत्तरपक्षास उभें राहतां येत नाहीं, हा आपल्या शास्त्रकारांचा जुना दंडक आहे. आजीबाईंनीं, सुनांनीं, मुलांमुलींनीं, सर्वांनीं यांत भाग घ्यावा. अर्धा तास पुरतो.

हा उद्योग केवळ घरांतलाच राहावा असेंहि नाहीं. केरळांत कन्नूर जिल्ह्यांतील सुमारें १५० सरकारी शाळांत २०१८ च्या सुमारास मुलांस खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे देण्यांत आले. शाळेच्या पालकसभेंत आपल्या वाचकांनीं हा विषय काढला, तर एखादा तास त्यास मिळणें कठीण नाहीं, आणि आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकांस तो तास फुकट घेण्यांत आनंदच वाटेल.

आमच्या वाचक-भगिनींस उत्तर इतकेंच. मुलगा पुन्हां 'मीं स्वतः पाहिलें' म्हणाला, तर त्याशीं वाद घालूं नका. 'तूं काय पाहिलेंस, आणि जो तेथें होता त्यानें काय पाहिलें?' एवढेंच विचारा, व उत्तर त्यासच शोधूं द्या. राईनपाड्याच्या बाजारांत त्या दिवशीं हा प्रश्न मोठ्यानें विचारणारा एखादा नववींतला मुलगा असता, तर काय झालें असतें हें कोणास सांगतां येणार नाहीं. परंतु असे प्रश्न विचारणारीं मुलें गांवोगांव असावींत, आणि तशीं तीं आधीं आपल्या घरांत तयार व्हावींत, अशी इच्छा प्रदर्शित करून आम्ही या महिन्यापुरती वाचकांची रजा घेतों.